निमोण्याचा बंब

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या शहराचं नवं अग्निशमन केंद्र उभं राहतंय. पाया झाला, लोखंडी सांगाडा चढला. कामावरून घरी येताना मी तिथे हमखास थांबतो. इथे बऱ्याच ठिकाणी आगीच्या कामासाठी वेगळा ‘फायर डिस्ट्रिक्ट’ असतो. त्याचे कमिशनर लोक निवडतात आणि इमारतीसाठी कर्ज काढायचं तर त्यालाही मतदारांची मंजुरी लागते. आमच्याकडे कर वाढेल म्हणून कुरकुर झाली, वाद झाला, तरी मंजुरी मिळाली. माझंही मत त्यात आहे.

बंबावर जाणारी माणसं मात्र पगारी नाहीत. कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी दुकानदार. पेजर वाजला की हातातलं टाकून धावतात. अमेरिकेत निम्म्याहून जास्त अग्निशामक असेच स्वयंसेवक आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना जमवून असं पथक उभं केलं होतं, तेव्हापासूनची ही परंपरा.

जुन्या केंद्राची दारं बुटकी. नवी गाडी घ्यायची तर आधी दाराची उंची बघावी लागायची. आगीत घालायचे कोट गाडीशेजारीच खुंटीला टांगलेले, त्यामुळे गाडी सुरू झाली की डिझेलचा धूर थेट त्यांच्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचं कामच कर्करोगकारक ठरवलं, त्यानंतर हे चालवून घेणं कठीण होतं. नव्या इमारतीत कोटांची खोली वेगळी आहे. आगीवरून आल्यावर काजळी धुऊनच पुढे जायचं. धूर बाहेर खेचणारे पाइप आहेत, आणि गाडी मागे घ्यायला लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना दारं. फुकट राबणाऱ्या माणसांची गावाने एवढी काळजी घ्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिथे उभा राहिलो की पुणे जिल्ह्यातलं माझं गाव निमोणे आठवतं. ऊस तोडणीला आलेला असतो, पाचट वाळलेलं असतं, वाऱ्याने लोंबत्या तारा एकमेकींना घासतात आणि ठिणगी पडते. धावतं कोण? बांधाला बांध असलेला शेजारी. कुणी ट्रॅक्टर घालून मधला पट्टा मोकळा करतो, कुणी पाण्याचा टँकर आणतो, बाकीचे ओल्या फांद्यांनी जाळ झोडपतात. बंब यायचा शिरूरहून, नाहीतर रांजणगाव एमआयडीसीतून. तोवर फड गेलेला असतो. जळीत ऊस कारखाना घेतो, पण वजन घटलेलं असतं आणि दरातही कपात होते.

गावाला स्वतःचा बंब नसण्याचं मूळ कायद्यातही आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीतल्या पंचायतींच्या 29 विषयांत ती नाही. आग विझवणं हे गावाचं काम म्हणून कागदावर लिहिलंच गेलं नाही. माझ्या मते ही मोठी चूक आहे. पण ती दुरुस्त होईपर्यंत हातावर हात धरून बसायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल-फ्री क्रमांकावर फोन केला की तोच आवाज नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर वाजतो. इथल्या पेजरचं कामही हेच. म्हणजे निरोप पोचवायची सोय आपल्याकडे आहे, आणि धावणारी माणसं तर पहिल्यापासूनच आहेत.

उरतं ते एक पत्र्याचं शेड, कायम भरलेली टाकी, ट्रॅक्टरला जोडता येईल असा पंप, नळ्या, जाड कोट आणि शिकवायला कुणी जाणकार. वीज कंपनीला फोन करून लाइन बंद केल्याशिवाय तारेखाली पाणी मारायचं नाही, इतकी साधी गोष्टसुद्धा शिकवावी लागते. नुसत्या धाडसावर पोरांना जाळात पाठवू नये.

गाव सोडलेले आपण यात्रेला, देवळाच्या कळसाला आनंदाने वर्गणी पाठवतो. तशीच या शेडसाठीही पाठवू. 1 मेच्या ग्रामसभेत निमोणेकरांनी जागेचा ठराव करावा. पंपाचे पैसे पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या आपण सगळ्यांनी मिळून जमवावेत.