मैलापुरातल्या तीन रात्री

तंजावर आणि रामेश्वर करायचं आमचं किती वर्षं नुसतं ठरत होतं. हे निवृत्त झाले, धाकटीचं लग्न पार पडलं आणि गेल्या डिसेंबरात एकदाचं आरक्षण झालं. रामेश्वर करून आलेल्या प्रत्येकानं आम्हाला एकच सांगितलं, ‘चेन्नईत काय आहे? उकाडा आणि गर्दी. सकाळी उतरा, रात्रीची गाडी धरा.’ पण ह्यांच्या गुडघ्याला लागोपाठ रात्रींचा प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून आम्ही मैलापूर भागात तीन रात्रींसाठी खोली घेतली. गुडघ्यापायी घेतलेला हा मुक्काम आमच्या सगळ्या यात्रेतला सगळ्यात मोलाचा ठरला.

माझं माहेर गुहागरचं. आमच्याकडे समुद्र हा संध्याकाळचा. दिवेलागणीच्या आधी किनाऱ्यावर जायचं, सूर्य पाण्यात बुडाला की घरी यायचं. मरीनाच्या किनाऱ्यावर आम्ही पहाटे सहाला पोचलो तेव्हा अजून अंधार होता. वाळूचा पट्टा एवढा रुंद की रस्त्यापासून पाण्यापर्यंत जायलाच चांगला वेळ लागला. पाणी खोल आणि ओढ जबरदस्त, म्हणून समुद्रात उतरायला मनाई आहे. आम्ही कोरड्या वाळूत बसलो. थोड्या वेळानं समोरचं पाणी तांबूस झालं आणि सूर्य त्यातूनच वर आला. साठी ओलांडल्यावर मी पाण्यातून उगवणारा सूर्य पहिल्यांदा पाहिला. आम्ही दोघांनी न ठरवता हात जोडले.

तो दिवस २६ डिसेंबरचा होता, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. दीपगृहाच्या पलीकडे कोळ्यांची वस्ती आहे. कोळीवाड्याला तिकडे कुप्पम म्हणतात. तिथून बायकापुरुष पाण्याकडे निघालेले दिसले. बायकांच्या हातात दुधाची भांडी होती, परड्यांत फुलं होती. चहावाल्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत एकच शब्द सांगितला, ‘त्सुनामी.’ मग सगळा उलगडा झाला. २००४ साली याच तारखेला, रविवारी सकाळी, समुद्र या किनाऱ्यावर चढून आला होता. या वस्त्यांमधली माणसं गेली, होड्या गेल्या, घरं गेली. दर वर्षी त्या दिवशी उरलेली माणसं समुद्रात दूध ओततात, फुलं सोडतात.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या शेजारणी बघत मी मोठी झाले. तो नारळ ‘आता शांत हो, आमची माणसं तुझ्यावर येताहेत’ असं सांगण्यासाठी असतो. इथलं दूध परत न आलेल्यांसाठी होतं. एक म्हातारी घोटाभर पाण्यात कितीतरी वेळ डोळे मिटून उभी होती. तिच्यामागे, वाळूत, दोन तरुण जाळं नीट करत बसले होते. ज्यानं माणसं नेली त्यालाच हात जोडायचे आणि पोटासाठी पुन्हा त्याच्याकडेच जायचं, ही कोळ्यांची रीत गुहागरात आणि मरीनाला एकच आहे. आम्ही लांबच उभे राहिलो. फोटो काढायला हात झाला नाही.

परत येताना मैलापूरच्या गल्ल्यांतून चालत आलो. मार्गळी महिना चालू होता, आपल्या धनुर्मासाचा काळ. घराघरापुढे कोलम रेखलेले होते. आधी ठिपके, मग त्यांना वळसा घालत जाणारी न तुटणारी रेघ. काही कोलमांच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळंधमक फूल. आपली रांगोळी दगडाची, त्यांचा कोलम तांदळाच्या पिठाचा. मुंग्या-पाखरांनी तो खावा, हाच त्यातला हेतू. मोठ्या इमारतींच्या फाटकापुढेही, दुचाकींच्या गर्दीत, कुणीतरी वाकून ठिपके मांडत होतं.

कपालीश्वराच्या देवळापाशी आम्ही दुपारी साडेबाराला पोचलो आणि दार बंद! दाक्षिणात्य देवळं दुपारी मिटतात, ती चारच्या सुमारास उघडतात. मग जवळच्या खानावळीत केळीच्या पानावर जेवलो. सांबार, रसम, ताक असा भाताचा एकेक फेरा होत गेला. शेवटी वाढप्यानं पान आपल्याकडे मिटायला सांगितलं, म्हणजे जेवण आवडलं असं होतं. चारनंतर दर्शन झालं. सुमारे १२० फूट उंच गोपूर, मागे तलाव, चारी बाजूंनी माड वीथी म्हणतात ते रस्ते. तमिळमध्ये मोराला मयिल म्हणतात. पार्वतीनं मोराच्या रूपानं इथे शिवाची पूजा केली, म्हणून गावाचं नाव मयिलापूर. ज्या झाडाखाली पूजा केली ते पुन्नै देवळाच्या आवारात दाखवतात. मी जवळ जाऊन पानं पाहिली, तर ती आमची उंडी! कोकणात जिच्या बियांचं तेल दिव्याला आणि होड्यांना वापरत आले, तेच हे किनाऱ्यावरचं झाड. पूर्वीचं कपालीश्वराचं देऊळ समुद्राकाठीच होतं आणि ते पोर्तुगिजांच्या काळात गेलं, असं मानतात. उंडी मात्र समुद्राची आठवण ठेवून आत आली आहे.

बाहेर फूलवालीकडून मोगरा आणि अबोली घेतली. तिथे गजरा मुळम या मापानं मिळतो, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. तिनं आपल्या हातावर दोर मोजला आणि वर चार बोटं जास्तच सोडला. आईच्या वेळचं ‘हातभर’ हे माप मला चेन्नईत पुन्हा भेटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एग्मोरचं सरकारी संग्रहालय पाहिलं. ते १८५१ सालचं आहे. तिथल्या दालनात तिरुवालंगाडूचा चोळकालीन नटराज आहे. हे त्याच्यापुढे गुडघा विसरून उभे राहिले. त्याच आवारात १८९६ सालचं कोनेमारा ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे जायला हवी, त्यातलं हे एक. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माझ्यासारखीला ही केवढी गोष्ट! तुमच्या-माझ्या गावात छापलेल्या पुस्तकासाठीही या इमारतीत जागा राखलेली आहे.

मग आपली माणसं दिसतच गेली. मैलापूरच्या लझ भागात न्यायमूर्ती रानड्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे. जॉर्ज टाऊनमधल्या आर्मेनियन स्ट्रीटवर गोखल्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथून जवळच, तंबू चेट्टी स्ट्रीटवर, कालिकांबाळ देवीचं देऊळ आहे. शिवाजी महाराज ३ ऑक्टोबर १६७७ रोजी इथे दर्शनाला आले होते, अशी त्या देवळाची परंपरा आहे. त्या वर्षी महाराज दक्षिण दिग्विजयावर होते आणि जिंजी त्यांनी घेतली होती. देवळातल्या पुजाऱ्यांनी आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर आम्हाला पुढे बोलावून कुंकू दिलं.

पण मला सांगायची आहे ती तिसऱ्या दिवसाची दुपार. डिसेंबरात चेन्नईत संगीताचा हंगाम असतो. सभा नावाच्या संस्थांच्या सभागृहांत सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात आणि दुपारच्या, तरुण कलाकारांच्या, बहुतेक मैफली विनामूल्य असतात. आम्ही अशाच एका सभेत जाऊन बसलो. गाणारी मुलगी पंचविशीची असेल. साथीला व्हायोलिन आणि मृदंगम. सभागृहात निम्म्याहून जास्त माणसं आमच्याच वयाची, आणि प्रत्येकाचा हात मांडीवर ताल मोजत होता. शब्द कळत नव्हते, पण कंटाळा आला नाही.

शेवटी तिनं तानपुऱ्याकडे कान देऊन सुरुवात केली आणि हे एकदम सरसावून बसले. तुकोबांचा अभंग! उच्चार थोडे तमिळ वळणाचे, पण भाव चोख. दुसऱ्या कडव्याला सगळं सभागृह टाळ्यांचा ठेका धरून ‘विठ्ठल’ म्हणत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मराठी कीर्तन तिथे रुजलं, तमिळ हरिकथेनं आणि भजनानं ते आपलंसं केलं. आज कर्नाटक मैफलीच्या शेवटी अभंग गाणं ही तिथे रोजची गोष्ट आहे.

शेजारी बसलेल्या बाईंना सगळे मामी म्हणत होते. त्यांनी माझा हात धरला आणि हिंदी-इंग्रजीत विचारलं, ‘तुम्ही महाराष्ट्रातल्या? मग दर वर्षी पंढरपूरला जात असाल?’ मला खोटं बोलवेना. मी सांगितलं, बारा वर्षं झाली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त हात थोपटला. मामी दोनदा पंढरपूरला जाऊन आल्या होत्या.

त्या रात्री एग्मोरहून तंजावरची गाडी धरली. तंजावर पाहिलं, रामेश्वरही झालं. परत आल्यावर माघी एकादशीला आम्ही दोघं पंढरपूरला गेलो.

दक्षिणेची यात्रा करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. चेन्नईत नुसती गाडी बदलू नका, तीन रात्री राहा. जमलं तर डिसेंबरात जा. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि देवळं दुपारी मिटतात, तेवढं लक्षात ठेवा. पहाटे मरीनाला जा, आणि एक दुपार तरी एखाद्या सभेत शेवटच्या अभंगापर्यंत बसा.