दादांचे औषध

लिंबू आणि पुदिना ह्यांना आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यापासून मान. व्हिस्की मात्र तिथे कधी आली नाही. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हा दादांनी डॉक्टरांचा दाखला देऊन परमिट काढले. बाटली कपाटात कुलूपबंद. रात्री 'औषध घेतो' म्हणून दादा खोलीचे दार लावून घेत. बाहेर आई ताट झाकून बसलेली असे.

पुढे दादा गेले, कायदा सैल झाला आणि मी, त्यांचाच मुलगा, साठीला टेकल्यावर बाटली थेट ओट्यावर आणली. कृती सरबतासारखीच. कागदी लिंबाच्या फोडी, दोन चमचे साखरेचा पाक आणि कुंडीतली सात-आठ पुदिन्याची पाने पेल्यात घालून दाबायची. लिंबू जोराने, पाने अलगद. ती रगडली तर कडवटपणा उतरतो. मग साठ मिलिलिटर व्हिस्की, मोजूनच. बर्फ घालून हलवायचे आणि गाळायचे. अमेरिकेत ह्याला 'व्हिस्की स्मॅश' म्हणतात.

आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तिच्यासाठी त्याच लिंबू-पुदिन्याचे, व्हिस्कीवाचूनचे सरबत केले. मी भीतभीतच दोन्ही पेले घेऊन तिच्याशेजारी बसलो. तिने माझ्या पेल्याचा वास घेतला.

"हेच का ते औषध?"

मी मान डोलावली.

"दार उघडं ठेवून घेतलं असतं," ती म्हणाली, "तर मीही बसले असते की शेजारी."

आणि सरबत संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.