विहिरींची फीड

माझा मित्र विहिरींवर लिहायचा. साताऱ्याकडच्या माण-खटावातल्या जुन्या दगडी विहिरींवर. बँकेतली नोकरी सांभाळून रविवारी मोटारसायकल काढायची, एखादं गाव गाठायचं, विहिरीत उतरून पायऱ्या मोजायच्या, नाड्याने घासून दगडाला पडलेल्या खाचांत बोट घालून पाहायचं. मोट किती बैलांची होती, धाव किती लांब, थारोळं कुठल्या अंगाला, विहीर कुणी खोदली म्हणून गावातले म्हातारे सांगतात, हे सगळं रात्री बसून ब्लॉगवर लिहायचं.

लेख लिहून झाला तरी त्याचं काम संपायचं नाही. वाचकाला कधीच न दिसणारा एक भाग उरलेला असे. 1995 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले होते, कुठल्याही मजकुराची ओळख थोडक्यात कशी नोंदवावी ते ठरवायला. त्यातूनच पुढे डब्लिन कोअरचे पंधरा घटक पक्के झाले: शीर्षक, कर्ता, तारीख, भाषा, हक्क असे. त्यातला ‘कव्हरेज’ त्याचा लाडका. मजकूर कुठल्या ठिकाणाविषयी, कुठल्या काळाविषयी आहे हे सांगणारा. ब्लॉग लिहिणारे बहुतेक जण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. हा मात्र प्रत्येक विहिरीचं गाव, वाडी, तालुका त्यात न चुकता भरायचा. मी विचारलं, हे वाचणार कोण? म्हणाला, “अरे, मशीन वाचेल. आणि मशीनकडून कधीतरी माणूस.”

ब्लॉगवरचं नवं लिखाण वाचकाच्या रीडरमध्ये आपोआप पोचवते ती फीड. तिच्यात त्या काळी सतत काही ना काही बदलत असे. 1999 साली नेटस्केपमध्ये डॅन लिबी आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा यांनी आरएसएस या फीडच्या पद्धतीची सुरुवात केली. वर्षा-दोन वर्षांत त्याला फाटे फुटले. 2002 मध्ये डेव्ह वायनर यांचं आरएसएस 2.0 आलं. आपापसातल्या भांडणांना कंटाळून काहींनी नव्याने मांडामांड केली, ती ॲटम. डिसेंबर 2005 मध्ये ते अधिकृत मानक झालं. आम्ही मराठीत लिहिणारे नुकतेच युनिकोडवर स्थिरावत होतो. ओळखीच्या एका ब्लॉगचं टेम्प्लेट कुणीतरी हौसेने मराठी केलं आणि त्याची फीड बंद पडली. आरएसएसच्या तारखेत वार आणि महिना इंग्रजीच लागतो, तिथे ‘मंगळ’ आणि ‘डिसें’ उमटू लागले होते. रात्री जागून यानेच ते शोधून काढलं.

एका गोष्टीवर मात्र तो अडून बसायचा. फीडमध्ये लेखाचा पूर्ण मजकूर द्यायचा, चार ओळी दाखवून ‘पुढे वाचा’ म्हणायचं नाही. भेटींचा आकडा घटतो, असं पुष्कळांनी समजावलं. वाचकाने आपल्या घरी नेऊन ठेवावं म्हणूनच तर लिहितो, हे त्याचं उत्तर.

2013 हे वर्ष वाईट गेलं. आरएसएसच्या एका फाट्याच्या, आरएसएस 1.0 च्या गटात चौदाव्या वर्षीच मोठ्यांच्या बरोबरीने काम केलेल्या आरन स्वार्ट्झने 11 जानेवारीला आपलं आयुष्य संपवलं. सव्वीस वर्षांचा होता. जेस्टोरवरचे शोधनिबंध मोठ्या संख्येने उतरवून घेतल्याबद्दल त्याच्यावर खटला चालू होता. बातमी कळली तेव्हा मित्राचा फोन आला. “अरे, या पोराने घडवलेलं आपण रोज वापरतो. त्याला साधं पत्रही कधी लिहिलं नाही रे आपण.” मार्चमध्ये गूगल रीडर बंद होणार असल्याचं जाहीर झालं, आणि 1 जुलैला तो बंद झालाही. ओपीएमएल फाइल उतरवून घेता आली, पण तिच्यात नुसते फीडचे पत्ते. किती मराठी ब्लॉग त्यानंतर कुणी उघडलेच नाहीत. लिहिणारे लिहायचे थांबले ते आमच्या लक्षातही आलं नाही. मित्राने तेव्हाच मला स्वतःच्या संगणकावर लेख साठवणारा रीडर बसवायला लावला.

तो गेला, आणि डोमेनचे पैसे भरायचं कुणाला सुचलं नाही. सुचावं तरी कसं, घरच्यांपुढे त्या वेळी काय काय होतं. मुदत संपली, कुणा परक्याने ते विकत घेतलं आणि फीडच्या त्याच पत्त्यावर झटपट कर्जाच्या जाहिराती सुरू केल्या. माझ्या रीडरमध्ये त्या त्याच्याच नावाखाली येऊन पडल्या. मेलेल्या माणसाच्या तोंडी असं काही घातलेलं पाहून जीव कळवळला.

त्या रात्री मी त्याचे जुने लेख एकेक करून उघडले. ॲटममध्ये प्रत्येक नोंदीला एक कायमचा आयडी लागतो. त्याने तो टॅग यूआरआय पद्धतीने केला होता: आधी ‘टॅग’, मग डोमेन, स्वल्पविराम, मग 2006. त्या पद्धतीत डोमेनसोबत तारीख सक्तीची असते, आणि तारीख अशी हवी की त्या दिवशी ते डोमेन तुमच्या ताब्यात होतं. हा नियम करणाऱ्यांनी ओळखलं होतं की पत्ता हातचा जाणार, उद्या तिथे दुसरंच कुणी येणार. आज तिथे बसलेल्याला 2006 सालच्या त्या नावावर हक्क सांगता येत नाही. असल्या रुक्ष कागदांत कुणीतरी आपल्या जाण्याचा एवढा विचार करून ठेवला होता, याने मला फार धीर आला.

त्याच्या मुलीने लिखाण मागितलं. पूर्ण मजकुराचा हट्ट त्याने धरला होता म्हणूनच मला ते देता आलं. फोटो मात्र बहुतेक गेले. फीडमध्ये चित्राचा नुसता पत्ता असतो आणि ते सगळे पत्ते त्या गेलेल्या डोमेनवरचे. घरच्या संगणकात थोडे सापडले. तिने लेख नव्या ठिकाणी ठेवले आहेत, आयडी जसेच्या तसे. फोटो नसलेल्या विहिरींची यादीही केली आहे, गाव, वाडी, तालुक्यासकट. ‘कव्हरेज’मध्ये सगळं होतं, त्यामुळे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. होळीनंतर विहिरींचं पाणी खाली गेलं की म्हसवडच्या बाजूने सुरुवात करायची, असं आमचं ठरलं आहे.