लोणारच्या खाऱ्या काठी

मालव्याच्या पठारावर, देवास जिल्ह्यात, टोंकखुर्द नावाचे गाव आहे. तेथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी गेल्या हिवाळ्यात आम्ही चार दिवस पाहुणे होतो. त्या भागातील भूमी काळी व कसदार. परंतु एके काळी पाण्यावाचून हवालदिल झालेली. १९९० साली देवास शहराला पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले होते. पुढे २००६ सालापासून जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत तळी खोदावयास आरंभ केला. त्या तळ्यांना 'रेवासागर' असे नाव मिळाले, आणि टोंकखुर्दचा परिसर त्या कामात अग्रेसर राहिला. आज तेथील बांधांवरून फिरावयास निघाले, म्हणजे ठिकठिकाणी पाणी लकाकताना दिसते आणि थंडीच्या दिवसांत त्यावर पाखरे उतरतात.

अशाच एका तळ्याच्या काठी शिक्षकांच्या धाकट्या मुलाने आम्हांस विचारले, "फादर, गोड पाण्यावर एवढे पक्षी येतात, मग खाऱ्या पाण्यावर कोण येत असेल?"

वसईकडच्या आमच्या वाचकांना मिठागरे आणि खाजणे परिचयाची आहेत. त्यांनी या प्रश्नाचे उत्तर चटकन दिले असते. पण समुद्रापासून इतक्या दूर वाढलेल्या त्या मुलास शब्दांनी काय समजणार? मुलाची आजी जवळच उभी होती. तिचे माहेर बुलढाण्याकडचे. ती म्हणाली, "त्याला लोणार दाखवा, फादर. मलाही एकदा तो मुलूख पाहून घेऊ दे." अशा रीतीने आमचा बेत ठरला.

इंदूर, खांडवा, बऱ्हाणपूर या मार्गाने आम्ही दक्षिणेकडे निघालो. वाटेत नर्मदा ओलांडली, तापी ओलांडली आणि मलकापूर, बुलढाणा, चिखली, मेहकर असे करीत लोणारला पोहोचलो. एवढा प्रवास झाला, तरी पायाखालचा दगड बहुतेक तोच होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून उसळलेल्या लाव्ह्याचा तो काळा दगड. टोंकखुर्दची काळी माती आणि लोणारचा काळा कडा ही एकाच घरची भावंडे होत. फरक इतकाच की, लोणारच्या दगडावर आकाशातून घाव पडला.

फार प्राचीन काळी एक अशनी येथे प्रचंड वेगाने आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वाटोळे विवर निर्माण झाले. हे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, याविषयी विद्वानांत पुष्कळ काळ वाद होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते आघाताचेच असल्याचे दाखवून दिले. त्याचे वय पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे मानीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे येते. चंद्रावरील विवरेही अशाच काळ्या दगडात पडलेली असल्यामुळे त्यांच्या अभ्यासकांना लोणारचे मोठे अगत्य वाटते. विवराच्या तळाशी असलेले सरोवर खारे आहे, आणि नुसते खारे नव्हे, तर सोड्याने भरलेले. आपल्या गृहिणी पापडखार वापरतात, त्याच जातीचा हा क्षार. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथातही येथील क्षारांचा आणि काच व साबण यांसाठी होणाऱ्या त्यांच्या उपयोगाचा निर्देश आहे. लवणासुर नावाच्या दैत्याचा भगवान विष्णूंनी येथे वध केला, अशी हिंदू बांधवांची कथा आहे. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव दगडी मंदिर त्या कथेचे स्मारक होय.

आता वाटांविषयी. लोणार पाहावयास गिर्यारोहकाची छाती लागत नाही, हे आमच्या कुटुंबवत्सल वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. पहिली वाट कड्याच्या माथ्यावरची. विवराचा घेर ध्यानात घेता पूर्ण फेरी साडेपाच-सहा किलोमीटरांची होते. पण तेवढे चालण्याचा आग्रह नसावा. सकाळच्या उन्हात अर्धा तास चालले, तरी खाली हिरवे रान आणि मध्ये ते वाटोळे पाणी असा देखावा डोळ्यांत मावत नाही. दुसरी वाट खाली उतरणारी. धारेच्या मंदिराकडून ती झाडीत शिरते. उतरणे सोपे, चढणे दमाचे. म्हणून म्हाताऱ्या माणसांनी धारेपाशीच थांबावे. तिसरी वाट काठाकाठाची. सरोवराचा व्यास सुमारे सव्वा किलोमीटर. म्हणजे फेरी चार किलोमीटरांच्या आतबाहेर. मात्र पाणी वाढले की ही वाट पाण्याखाली जाते. तेव्हा वनखात्याच्या माणसास विचारल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. पायांत बूट असावेत, पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे आणि मुलांचा हात सोडू नये.

आजीला घेऊन आम्ही धारेपाशी बसलो. तेथे गोमुखातून गोड पाण्याची धार अखंड पडत असते. ते पाणी उतारावरून खाली जाऊन अखेर सरोवरास मिळते. आजी बराच वेळ त्या धारेकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षे गोड पाणी पडते आहे, फादर, तरी तळे खारटच राहिले. माझ्या थोरल्याचेही तसेच झाले बघा."

तिचा थोरला मुलगा अबोल, तिखट स्वभावाचा. घरात वडिलांशी त्याचे पटले नाही. तो वेगळा निघून गेला आणि आपल्या एकट्याच्या रीतीने जगतो आहे. आम्ही तिला धीर दिला. पण खरे सांगायचे, तर त्याच क्षणी आमच्या मनात रविवारचे प्रवचन तयार झाले होते. कृपेची धार अखंड वाहते आणि मनुष्याचे अंतःकरण मात्र खारेच राहते! दृष्टांत आयता हाती आला होता. त्याच समाधानात आम्ही मुलाला घेऊन खाली उतरलो.

सागाच्या झाडीतून वाट जाते. वानरे फांद्यांवरून आमच्याकडे पाहत होती. कोठे तरी मोर ओरडला. जसजसे पाणी जवळ येते, तसतशी झाडी बदलते. पुढे बाभळी लागतात आणि अगदी काठाशी उघडा, करडा चिखल. त्याचा दर्प नाकाला झोंबतो. पाणी दाट हिरवे होते. इतक्यात मुलगा ओरडला, "ते बघा, फादर!" उथळ पाण्यात लाल, लांब पायांचे शेकाटे चिखल टोचीत फिरत होते आणि पलीकडे चक्रवाकांची जोडी तरंगत होती. त्याच्या प्रश्नाचे उत्तर समोर चालत होते.

तेथे वनखात्याचा एक वयस्क रखवालदार भेटला. आम्ही त्याला आमचा दृष्टांत सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "बाबा, आम्हाला तर उलटीच धास्ती आहे. गोड पाणी फार झाले, तर या तळ्याचे कसे होणार? याचा जीव खारातच आहे."

मग त्याने आम्हांस समजावून दिले. हे हिरवेपण सूक्ष्म शैवालाचे. ते अशा खाऱ्या पाण्यातच माजते, त्यावर बारीक जीव पोसतात आणि त्या जिवांसाठी पक्षी येतात. जून २०२० मध्ये सरोवर एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोक भयचकित झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की, उन्हाने पाणी आटून खारेपणा वाढला आणि मिठात जगणारे अतिसूक्ष्म जीव वाढल्यामुळे तो रंग आला. उलट २०२५ साली पाणी इतके चढले की, काठावरील कमळजादेवीच्या मंदिरात ते शिरल्याचे वृत्त आले. सरोवर विटाळू नये आणि त्याचे खारेपण टिकावे, म्हणूनच ही राखण आहे. २००० साली येथे अभयारण्य झाले, आणि २०२० साली रामसर कराराच्या जागतिक यादीत लोणारचे नाव आले. हा करार १९७१ साली इराणातील रामसर या गावी पाणथळ भूमींच्या रक्षणासाठी झाला. हंगेरी देशातही होर्तोबाज नावाचा विस्तीर्ण गवताळ माळ आहे. त्यात खारवट जमिनी आणि पाणथळी पुष्कळ. १९७३ साली तेथील सरकारने तो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला. जी भूमी नांगराला निरुपयोगी, ती जगभर अशी जपली जाते आहे.

आमचे प्रवचन तेथेच, त्या चिखलाच्या काठी, मोडून पडले. त्या जागी यहेज्केल संदेष्ट्याचा सत्तेचाळिसावा अध्याय आठवला. मंदिरातून निघालेली नदी मृत समुद्रास मिळते आणि त्याचे पाणी निरोगी होते, हे दर्शन आपण पुष्कळदा ऐकतो. पण त्यातले अकरावे वचन आम्ही इतकी वर्षे नुसते वाचून पुढे जात होतो. तेथील दलदली व डबकी मात्र गोड होणार नाहीत, ती मिठासाठी ठेवलेली आहेत, असा त्याचा आशय आहे. सर्व काही गोड करू शकणाऱ्या परमेश्वराने थोडी जागा खारी राखली, आणि तीही आशीर्वादाच्या दर्शनातच! दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हेच शिकविले आहे: प्रत्येक सृष्ट वस्तूला देवापुढे स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावर अवलंबून नाही.

वर चढताना आम्हांस धाप लागली. आजी तेथेच बसली होती; नातवाने धावत जाऊन तिला शेकाट्यांची हकिकत सांगितली. आम्हीही रखवालदाराचे बोलणे तिला जसेच्या तसे सांगितले आणि तिच्या थोरल्याविषयी मनात आलेल्या दृष्टांताबद्दल क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. ओंजळीत धारेचे पाणी घेऊन प्याली, पदराने तोंड पुसले आणि नातवाला म्हणाली, "तुझ्या मोठ्या काकाचा नंबर आहे ना रे तुझ्या बाबांकडे? संध्याकाळी लावून दे मला. आजीने लोणार पाहिले, एवढेच त्याला सांगते."

वाचकहो, लोणारला अवश्य जा. थंडीत जा, सकाळी जा, मुलाबाळांसह जा. तेथील दगड वा खार उचलून आणू नका, प्लास्टिक टाकून येऊ नका, पाण्यात उतरू नका. आणि आपल्या घरी, आपल्या धर्मग्रामात कोणी खारट माणूस असेल, तर त्याला गोड करण्याची घाई करण्याआधी थोडा वेळ त्याच्या काठी बसून पाहा. तेथे कोणती पाखरे उतरतात, हे दुरून दिसत नाही.