चार नंबरची घंटी

तुमच्यापैकी किती जणांनी मॉडेमचा आवाज ऐकलाय? आधी डायलचे सूर, मग कोणीतरी पत्रा खरवडतंय अशी खरखर. २००० साली टोंकखुर्दच्या आमच्या घरात तो आवाज रात्री अकरानंतरच व्हायचा. इंटरनेटसाठी इंदूरचा नंबर लावायचा म्हणजे एसटीडी, आणि अकरानंतर एसटीडीचा दर चौथाई.

मी तेव्हा अकरावीत. विहिरीच्या मोटरसाठी ठेवलेले पैसे मोडून बाबांनी इंदूरहून जुना पेंटियम आणला होता, तोही माझ्या शब्दावर. ताईच्या बाळाचा फोटो ई-मेलने येईल, असं मी घरभर सांगून बसलो होतो. ताई न्यू जर्सीत, बाळ दोन महिन्यांचं. आजी रोज विचारायची, "आला का रे फोटो?"

फोटो येणार कसा? मॉडेमने डायल केलं की माऊस गोठायचा. पहिल्या रात्री तर लाइन लागली आणि पडद्यावरचा बाण जागचा हलेना. घाबरून मला काही सुचेना, एसटीडीचं मीटर चालूच. शेवटी बाबांनी फोनची वायर ओढून काढली. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "मॉडेम जळाला असेल, नवा घ्या." बाबा काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. माऊस मेला तरी कीबोर्ड चालत होता. म्हणजे कंप्यूटर अडकलेला नव्हता, फक्त माऊसची हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

हाक म्हणजे इंटरप्ट. "माझ्याकडे बघ" असं प्रोसेसरला सांगायला प्रत्येक यंत्राला एक घंटी लागते. त्या कंप्यूटरात अशा घंट्या ० ते १५, एकूण सोळा. कीबोर्डची १, फ्लॉपीची ६, हार्ड डिस्कची १४. विंडोज ९८च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या 'कंप्यूटर'वर दोनदा क्लिक केलं की ही यादी दिसते. मी ती वहीत उतरवली आणि मॉडेमबरोबर आलेल्या चार पानी पुस्तिकेशी ताडून पाहिली.

घोळ तिथेच होता. माऊस कॉम १ वर, मॉडेम कारखान्यातून कॉम ३ वर लावून आलेला. दोघांचे पत्ते वेगळे, ३एफ८ आणि ३ई८, पण घंटी एकच, चार नंबरची! कॉम २ आणि कॉम ४ यांचीही तशीच, तीन नंबरची. मॉडेमने चार नंबरची घंटी ताब्यात घेतली की माऊसने कितीही वाजवली तरी दार उघडायचं मॉडेमसाठीच. (आमच्याकडे काका आणि बाबा दोघांना 'भाऊ' म्हणतात, तेव्हा मला हे चटकन कळलं.)

पाच नंबर साउंड कार्डाने धरलेला. मग एकच वाट उरली. कॉम २ च्या सॉकेटला काहीच जोडलेलं नव्हतं, पण तीन नंबरची घंटी ते अडवून बसलं होतं. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो, ते पोर्ट बंद केलं. मग कंप्यूटर बंद करून, प्लग काढून, डबा उघडला. मॉडेमवरचे जंपर, म्हणजे तांदळाएवढ्या काळ्या टोप्या, आईच्या भुवया कोरायच्या चिमट्याने काढून कॉम २ आणि तीन नंबरवर बसवले. एक टोपी खाली पडली. आजीने तिची चाळशी लावली, आईने बॅटरी धरली, आणि बाबा गुडघ्यांवर बसून ती शोधत होते. सापडली त्यांनाच.

अकरा वाजून दहा मिनिटांनी खरखर सुरू झाली. मी माऊस हलवला. बाण हलला.

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरत होता. आधी टोपडं. मग कपाळ. आजी पडद्याला नाक लावून बसली, "थांबा, नाक कोणाचं ते येऊ दे." डोळे आले. नाकाचा शेंडा येतोय तोच काकांनी माडीवरचा फोन उचलला, आणि लाइन तुटली.

कोणी काही बोलेना. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी घड्याळाकडे.

"लाव परत," बाबा म्हणाले, आणि काकांना सांगायला माडीवर गेले.