टेस्ट१७

ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका कचेरीत आम्ही काही जण प्रोग्राम लिहितो. आमच्यातले दोघे एके काळचे मराठीचे विद्यार्थी. म्हणून वाचनाविषयीचा हा अनुभव इथे मांडावासा वाटला.

प्रोग्रामचा एक लहान तुकडा घ्यायचा, त्याला ठराविक माहिती पुरवायची आणि अपेक्षित उत्तर येते का ते पाहायचे, याला युनिट टेस्ट म्हणतात. पूर्वी या चाचण्या हातानेच लिहिल्या जात. पुढे रँडूप, एव्होसूट यांसारखी साधने त्या आपोआप रचू लागली.

मुदत ठेवींच्या व्याजाच्या हिशेबासाठी आम्ही अशाच एका साधनाकडून शेकडो चाचण्या करून घेतल्या. त्यांची नावे टेस्ट०, टेस्ट१ अशी. आतल्या संख्यांची इंट०, इंट१ अशी. सगळ्या उत्तीर्ण झाल्या. वाचल्या कोणीच नाहीत.

मग तक्रार आली. एका गृहस्थांना साठ पूर्ण होऊनही ज्येष्ठ नागरिकांचे जादा व्याज मिळाले नव्हते. ‘साठ किंवा अधिक’ असे हवे तिथे आम्हीच ‘साठहून अधिक’ लिहिले होते. टेस्ट१७ उघडली. तिच्यात वय साठच होते आणि अपेक्षित उत्तर होते, जादा व्याज नाही! साधनाला नियम ठाऊक नव्हता; प्रोग्रामने जे उत्तर दिले तेच त्याने प्रमाण मानले.

आमच्या एका सेवानिवृत्त सहकारी बाईंनी पूर्वी हाताने लिहिलेली चाचणीही सापडली. तिचे लांबलचक नाव मराठीत सांगायचे तर ‘साठ पूर्ण होताच जादा व्याज मिळते’. साठीची चाचणी नव्या संचात आहेच, असे समजून आम्ही ती काढून टाकली होती.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ते आठवले. नक्कल करणारा पुढ्यातले अक्षर इमानाने उतरवतो, चुकीसकट. शुद्ध करणाऱ्याला मात्र मुळात काय म्हणायचे होते, याचा शोध घ्यावा लागतो. बाईंची चाचणी त्या दुसऱ्या जातीची होती.

आताची साधने चाचण्यांना सुबक नावेही देतात. नुसता प्रोग्राम पुढे ठेवला, तर तीही कदाचित ‘साठाव्या वर्षी जादा व्याज नाही’ असेच नाव देतील. पण तेवढे जरी लिहिलेले असते, तरी आमच्यापैकी कोणीतरी थबकून ‘का नाही?’ असे विचारले असते. टेस्ट१७ ला तसे विचारण्याची सोयच नव्हती.