मांजा आणि लेकराचा गळा

ताडकळस, 14 जानेवारी. आज रस्त्याने बाप मोटारसायकलवर अन् पुढे टाकीवर चिमुरडं बसलेलं दिसलं, की जीव थाऱ्यावर राहत नाही. आडवा आलेला नायलॉन मांजा आधी त्याच लेकराच्या गळ्याला लागणार. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली हा मांजा देशभर बंद केला, तरी तो विकला जातोच.

लहान मुलाचा गळा केवढासा! श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या, सगळं चार बोटांत दाटलेलं. 15 किलोच्या मुलात रक्तच जेमतेम 1.2 लिटर. रक्त उसळत असेल, सूज वाढत असेल किंवा जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील, तर डॉक्टर आधी श्वास सांभाळतात आणि थेट ऑपरेशनला घेतात.

तोवर आपण जखम स्वच्छ कापडाने नेमकी दाबून धरायची. रुतलेली वस्तू उपसायची नाही, गळ्याभोवती पट्टी आवळायची नाही, हळद भरत बसायचं नाही. लगेच 108 ला फोन लावायचा. परभणी किंवा नांदेड गाठेपर्यंत लेकराचा जीव त्या दाबलेल्या हातावरच असतो. एवढं शहाणपण गावातल्या प्रत्येक घरी हवं, आणि नायलॉन मांजा एकाही घरी नको.